बाबांना घरीच ठेवायचे आहे, पण आता होत नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. १४ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, बोलणेही गेले. आता दोनचार शब्द येतात, पण हवा तो शब्द ओठांवर येत नाही आणि मग ते चिडतात. रुग्णालयातून आणताना मी त्यांना शब्द दिला होता, "बाबा, तुम्हाला कुठेही ठेवणार नाही, घरीच सांभाळीन." त्यासाठी नोकरी सोडली. आई ७६ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. भाऊ परगावी असतो. तो पैसे पाठवतो आणि फोनवर सूचना देतो. बाबा रात्री पाचसहा वेळा हाक मारतात. महिनाभर त्यांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा होता, आता तिथली कातडी निघाली आहे. मी त्यावर पावडर लावते आणि खाली रबरी रिंग ठेवते. मागच्या आठवड्यात पहाटे तीन वाजता तिसऱ्यांदा चादर बदलताना मी त्यांच्यावर ओरडले आणि त्यांचा हात इतका आवळला की वळ उठले. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. ती नजर डोळ्यांसमोरून हलत नाही. गेले चार दिवस मात्र ते एकदम शांत आहेत, दिवसभर झोपून असतात, त्यामुळे मलाही थोडी झोप मिळाली. डॉक्टर म्हणतात, घरी परिचारिका बोलवा. आई म्हणते, परक्या बाईने अंगाला हात लावलेला त्यांना खपणार नाही. आणि मला वाटते की तसे केले तर मी दिलेला शब्द मोडला असे होईल. मी कुठे कमी पडते आहे?

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही जे वाक्य जाता जाता लिहिले आहे, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. रात्री पाचसहा वेळा हाक मारणारा माणूस एकाएकी शांत होतो, दिवसभर झोपून राहतो, हे वृद्ध रुग्णाच्या बाबतीत आराम पडल्याचे लक्षण नसते. म्हणून हे उत्तर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता मी तुम्हाला त्याच दिवशी कळवले की, बाबांना आजच डॉक्टरांना दाखवा. इतर वाचकांसाठी तेच येथे पुन्हा लिहिते. चारदोन दिवसांत, किंवा चारदोन तासांतच, वृद्ध माणसाच्या शुद्धीत आणि भानात फरक पडला तर त्यामागे बहुधा शरीरातले एखादे ताजे कारण असते: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, कित्येक दिवसांचा बद्धकोष्ठ, नव्याने सुरू केलेले एखादे औषध, रक्तातील साखरेचा चढउतार, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत ती जखमसुद्धा. या अवस्थेत काही रुग्ण बडबडतात, अंथरुणातून उठू पाहतात, आणि त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. काही मात्र गप्प होतात, डोळे मिटून पडून राहतात, आणि हे गप्प होणे घरच्यांच्या ध्यानात उशिरा येते, कारण ते कुणाला त्रास देत नाहीत. तोंड वाकडे होणे, चांगल्या हाताचीही शक्ती जाणे, हाका मारूनही जाग न येणे किंवा श्वास भरभर चालणे, यांपैकी काही दिसले तर फोनवर विचारत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. तुम्हाला त्या चार दिवसांत झोप मिळाली, याबद्दल मात्र स्वतःला दोष देऊ नका. इतक्या थकलेल्या माणसाला शांतता ही शांतताच वाटणार. ती वेगळी ओळखायला शिकवणारे कुणी तुमच्याजवळ नव्हते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मला इथेच सापडते. तुम्ही विचारता, मी कुठे कमी पडते आहे? सेवेत तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाहीत. पण सेवा आणि शुश्रूषा हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, म्हणून ती एकच गोष्ट आहे असा आपला समज होतो. सेवेला माया आणि निष्ठा पुरते. शुश्रूषा ही शिकावी लागते, तिला प्रशिक्षण लागते, साधने लागतात आणि पाळ्या लागतात. 'शुश्रूषा' या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे, आणि तीस वर्षांहून अधिक काळ घरोघरी जाऊन हे काम केल्यावर मला तो अर्थ शब्दशः खरा वाटतो. कारण बोलू न शकणाऱ्या माणसाचे शरीर सतत काही सांगत असते, आणि ते ऐकायला कान शिकवावा लागतो. दुसरे म्हणजे सलग १४ महिने न झोपलेल्या माणसाला, त्याची कितीही इच्छा असली तरी, काही ऐकू येत नाही.

आता जखमेकडे वळू. तुम्ही पावडर आणि रिंग या दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने केल्या, पण दोन्ही आजपासून बंद करा. रिंगमुळे मधल्या भागावरचा भार जातो असे वाटते. प्रत्यक्षात तिच्या कडा भोवतालच्या कातडीवर दाब आणतात आणि मधल्या भागाकडे जाणारा रक्तपुरवठाच कमी करतात. पावडर जखमेत गोळा होऊन बसते. लाल झालेल्या जागेला चोळणेही टाळा, कारण दाबाखाली दुखावलेल्या नाजूक रक्तवाहिन्या चोळल्याने अधिक फाटतात. जखम धुण्यासाठी स्पिरिट किंवा जंतुनाशकाचे कडक द्रावण वापरू नका. निर्जंतुक सलाइनने स्वच्छ करणे आणि जखमेच्या अवस्थेला साजेशी पट्टी लावणे हे काम प्रशिक्षित परिचारिकेने एकदा तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवले पाहिजे. जखमेला दुर्गंधी येऊ लागली, पू दिसला, मधला भाग काळा पडला, भोवतालचा लालसरपणा पसरू लागला किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

ही जखम का होते हे कळले की उपायही आपोआप कळतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी मरू लागतात. आपण निरोगी माणसे झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो. बाबांना ते जमत नाही, म्हणून त्यांची कूस दुसऱ्याने बदलावी लागते. साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी असे आम्ही शिकलो, आणि गादी चांगली असेल, कातडी टिकून असेल तर परिचारिका तपासून हे अंतर वाढवूही शकते. एअर मॅट्रेसचा उपयोग होतो, पण ती अंथरली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. हा गैरसमज मी असंख्य घरांत पाहिला आहे. वळवताना पूर्ण कुशीवर आणून सगळा भार खुब्याच्या हाडावर टाकू नये. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांच्या कलात ठेवावे, म्हणजे माकडहाडही मोकळे राहते आणि खुबाही. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा हवेत राहतील. जेवणाची वेळ सोडता पलंगाची डोक्याकडची बाजू फार उंच ठेवू नका, कारण मग शरीर हळूहळू खाली घसरते आणि चादरीला चिकटलेली कातडी आतल्या आत ताणली जाते.

एक साधी परीक्षा रोज अंग पुसताना करायची. लाल दिसणाऱ्या जागी बोट काही क्षण दाबून उचलायचे. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरते आहे, आणि लालच राहिली तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली असे समजायचे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तिथे हाताने पाहावे: जागा भोवतालपेक्षा गरम किंवा थंड, कडक किंवा लिबलिबीत लागते का. तुमच्या बाबांचा चट्टा महिनाभर होता. महिनाभरापूर्वी एखादी परिचारिका आठवड्यातून एकदा जरी येत असती तरी कातडी निघण्याआधी ही गोष्ट लक्षात आली असती. हे मी तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही. परिचारिका बोलावणे म्हणजे आपला पराभव असे मानून कुटुंबे जे दिवस घालवतात, त्या दिवसांची किंमत रुग्णाच्या अंगावर दिसते, एवढेच मला सांगायचे आहे.

रात्रीच्या हाकांबद्दल. प्रकृती सावरली की त्या पुन्हा सुरू होतील, आणि तेव्हा तीनचार रात्री एका वहीत नोंद ठेवा: किती वाजता हाक मारली, तेव्हा चादर ओली होती का, ते कोणत्या कुशीवर होते, वळवल्यावर शांत झाले का. माझा अनुभव असा की, घरच्यांना ज्या हाका 'उगाच' वाटतात त्यांना बहुधा कारण असते. कधी लघवी लागलेली असते, कधी एकाच कुशीवर पडून अंग ठणकत असते, कधी लुळ्या हाताचा खांदा दुखत असतो, कधी अंधारात जागे झाल्यावर आपण कुठे आहोत हेच कळत नसते. मंद दिवा आणि पलंगावरून दिसेल असे मोठे घड्याळ एवढ्याने काही रुग्णांच्या हाका कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी मात्र स्वतःहून देऊ नका. वृद्धांमध्ये तिने गोंधळ वाढतो, पडण्याचा आणि ठसका लागण्याचा धोका वाढतो, आणि गाढ गुंगीत पडलेला माणूस जराही हलत नसल्याने कातडीचेही नुकसान होते.

ज्याला शब्द सापडत नाहीत त्याच्या वेदना कशा ओळखायच्या, यासाठी परिचारिका एक साधी मोजणी वापरतात. ती प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी २००३ मध्ये तयार झाली, पण तिच्यातले निरीक्षण कुठल्याही न बोलणाऱ्या रुग्णाजवळ उपयोगी पडते. श्वास कसा चालला आहे, तोंडून कण्हण्याचा आवाज येतो का, चेहरा कसा आहे, अंग आखडलेले आहे का, आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. ही बेरीज तुम्ही करायलाच हवी असे नाही. पण चादर बदलताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात का आणि डावी मूठ वळते का, एवढे जरी पाहिले तरी वेदनेची गोळी अंग पुसण्याच्या आधी द्यावी की नंतर, याचा निर्णय डॉक्टरांना घेता येतो.

येथे लुळ्या हाताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. काखेत हात घालून उचलल्याने किंवा तो हात धरून ओढल्याने खांद्याला इजा होते आणि ते दुखणे महिनोन्महिने राहते. उचलायचे नाही, सरकवायचे: पाठीपासून मांड्यांपर्यंत आडवी घातलेली चादर (ड्रॉ-शीट) दोन बाजूंनी दोघांनी धरून एका तालात सरकवली तर बाबांचा खांदा वाचतो आणि तुमची कंबरही. पलंग तुमच्या कमरेच्या उंचीला आणता आला तर फारच उत्तम. तुमच्या आईने गुडघे दुखत असताना यात हात घालू नये. त्या पडल्या तर तुमच्या घरात दोन रुग्ण होतील.

जेवणाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात. खाताना सरळ बसवणे, नंतर किमान अर्धा तास तसेच ठेवणे (आणि त्यानंतर माकडहाडावरचा भार काढणे), गुंगीत असताना काहीही न भरवणे, उजव्या गालात घास साठून राहतो का ते पाहणे आणि प्रत्येक वेळी तोंड स्वच्छ करणे. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल किंवा पाण्याने ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, कारण काही वेळा अन्न ठसक्याविनासुद्धा श्वासनलिकेत उतरते.

आता त्या पहाटेबद्दल. जे झाले ते चूक झाले, आणि ते पुन्हा होता कामा नये, हे तुम्हालाही ठाऊक आहे म्हणूनच तुम्ही ते लिहिले. मी त्याला 'होते असे कधीकधी' म्हणून पुसून टाकणार नाही, कारण तसे केले तर तुम्ही लिहिण्याचे जे धैर्य दाखवले त्याचा मान राहणार नाही. पण त्यावरून तुम्ही वाईट मुलगी ठरता, असेही मला वाटत नाही. १९८० मध्ये स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्या माणसांवरचा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिची आज सर्वाधिक वापरली जाणारी आवृत्ती २२ प्रश्नांची आहे. त्या प्रश्नांमध्ये आपल्या माणसाजवळ असताना राग येतो का, ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवता आली तर बरे असे वाटते का, आणि आपण याहून अधिक करायला हवे असे वाटते का, हे तिन्ही आहेत. काळजी घेणाऱ्याच्या मनात हे तिन्ही एकाच वेळी असू शकते, हे जाणकारांनी तेव्हाच ओळखले होते. तुमच्या डॉक्टरांना ही प्रश्नावली भरून घ्यायला सांगा आणि त्या रात्रीची घटना त्यांना स्वतःहून सांगा. त्या वळांची जागाही दाखवा. वृद्धांची कातडी पातळ असते आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर कातडीखाली रक्त लवकर साचते.

आणि पुन्हा तसा राग उसळला तर काय करायचे, हे आजच ठरवून ठेवा. बाबांना सुरक्षित कुशीवर ठेवा, पलंगाचा कठडा वर करा, आणि खोलीतून बाहेर या. चादर दहा मिनिटे ओली राहिली तर त्यांचे काही बिघडत नाही. त्या दहा मिनिटांत थंड पाण्याने तोंड धुवा, भावाला फोन लावा, मग तो झोपेत असला तरी. अशी वेळ दुसऱ्यांदा आली तर तो दिवस संपण्याआधी रात्रीच्या पाळीला दुसरे माणूस आणले पाहिजे, यात तडजोड करू नका.

आमच्या व्यवसायाच्या इतिहासातली एक गोष्ट मला अशा वेळी नेहमी आठवते. १८५९ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाचे एक व्यापारी होते. त्यांच्या पत्नीच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने घरी राहून तिची शुश्रूषा केली. पत्नी गेल्यावर रॅथबोन यांच्या मनात आले की, पैसा आणि मदत हाताशी असतानाही आपल्या घरी परिचारिकेची इतकी गरज भासली, तर गरिबांच्या घरी काय होत असेल. आणि त्यांनी रॉबिन्सनबाईंना तीन महिन्यांसाठी गरीब रुग्णांच्या घरी जाण्याच्या कामावर नेमले. महिन्याभरातच त्या रडत परत आल्या: जे दुःख पाहावे लागते ते सहन होत नाही, मला यातून मोकळे करा. रॅथबोन यांनी त्यांना मुदत पूर्ण करायला राजी केले, त्यांना हवी ती साधने पुरवली, आणि तीन महिन्यांनी त्याच बाईंनी हे काम सोडायला नकार दिला. घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या संघटित व्यवस्थेची सुरुवात तिथून मानतात. प्रशिक्षित, अनुभवी, आणि रुग्णाशी रक्ताचे नाते नसलेली बाई एका महिन्यात खचली होती, आणि सावरली ती पाठीशी कुणीतरी उभे राहिल्यावर. तुम्ही १४ महिने कुणाच्याही पाठबळाशिवाय उभ्या आहात.

आईंच्या शंकेचा मी मान राखते, पण अनुभव वेगळा आहे. एका घरी मी जखमेच्या पट्टीसाठी जात असे. तेथील आजोबा मुलीने कपडे बदलायला घेतले की तोंड भिंतीकडे वळवत आणि अंग ताठ करत. मुलगी म्हणायची, बाबा सहकार्यच करत नाहीत. मी खोलीचे दार लावले, त्यांच्या छातीपासून गुडघ्यांपर्यंत चादर घातली, आणि चादरीखालून काम सुरू करण्याआधी "आता मी तुमच्या कमरेखाली हात घालते आहे" असे सांगितले. त्यांनी स्वतः चांगल्या पायावर जोर देऊन कंबर उचलली. त्यांना परक्या हाताची लाज नव्हती. मुलीसमोर उघडे पडण्याची लाज होती, आणि ती सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. तुमच्या बाबांनाही तसेच वाटत असेल असे मी म्हणत नाही. पण त्यांना काय वाटते हे तुम्ही दोघींपैकी कुणी विचारले आहे का? बाईचे वावडे असेल तर पुरुष परिचारक किंवा पुरुष काळजीवाहकही असतात.

परिचारिका आणि काळजीवाहक या दोघांत फरक करायला शिका, कारण बहुतेक घरे तिथे फसतात. जखम, कॅथेटर (लघवीची नळी), इतर नळ्या, इंजेक्शन, औषधांची उजळणी आणि प्रकृतीचे मूल्यमापन ही नोंदणीकृत परिचारिकेची कामे. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, कपडे बदलणे ही प्रशिक्षित काळजीवाहकाची. तुम्हाला बहुधा परिचारिका २४ तास लागणार नाही. ती सुरुवातीला आठवड्यातून दोनतीनदा येईल, आणि रोजच्या कामाला, विशेषतः रात्रीला, काळजीवाहक लागेल. नेमण्याआधी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहा, दाबाच्या जखमा हाताळल्या आहेत का ते विचारा, रजेच्या दिवशी बदली कोण येणार आणि अडचण आली तर रात्री फोन कुणाला करायचा हे लिहून घ्या. पहिल्या भेटीत चांगली परिचारिका काय करते, हेही पाहून ठेवा. ती थेट पट्टीला हात घालत नाही. ती आधी रुग्णाला आपले नाव सांगते, हात धुते, मग अंगावरची कातडी डोक्यापासून टाचांपर्यंत पाहते, जखमेची लांबी, रुंदी आणि खोली मोजून तारखेसह लिहिते, औषधांच्या सगळ्या पट्ट्या एकत्र मागवून एकच औषध दोन नावांनी चालू नाही ना ते तपासते, आणि कुठली गोळी कुटून द्यायची नाही हे सांगते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते.

पहिले तीनचार दिवस तुम्ही तिच्याबरोबर थांबा आणि तुम्हाला माहीत असलेले सगळे तिला द्या. बाबांचा कोणता आवाज 'हो'चा आणि कोणता 'नको'चा, कोणत्या कुशीवर त्यांना झोप लागते, कशाला घाबरतात, पूर्वी काय काम करत, त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. हे एका कागदावर लिहून पलंगाजवळ लावा. हे ज्ञान कुठल्याच परिचारिकेकडे नसते, ते १४ महिन्यांत तुम्ही मिळवले आहे. नव्या माणसावर आठवडाभर लक्ष ठेवणे हेही तुमचे काम आहे. अंगावर न सांगितलेले वळ, पाणी कमी पाजल्याने पिवळीजर्द झालेली लघवी, ती व्यक्ती खोलीत येताच आक्रसणारे बाबा, यांपैकी काही दिसले तर संकोच करू नका, माणूस बदला.

भावाला सूचना देण्याऐवजी पाळी घ्यायला सांगा, आणि ती नेमक्या शब्दांत मागा. 'तू लक्ष देत नाहीस' या वाक्याने भांडण होते. 'दर महिन्याला चार रात्री तू येऊन बाबांजवळ झोपायचेस, परिचारिकेचा खर्च तू थेट भरायचास, औषधे तू मागवायचीस आणि नोंदवहीचे फोटो रविवारी पाहून डॉक्टरांशी तू बोलायचेस' या वाक्याला हो किंवा नाही म्हणावे लागते. तो असेल त्या रात्री तुम्ही घराबाहेर झोपा. त्याला चादर तिसऱ्यांदा बदलू द्या.

राहिला तो शब्द. तुम्ही बाबांना 'घरीच सांभाळीन' असे सांगितलेत. 'मी एकटीनेच सगळे करीन' असे सांगितले नव्हते. ते दुसरे वाक्य तुम्ही नंतर मनातल्या मनात जोडले. शिवाय उद्या जखम खोल गेली, छातीचा संसर्ग पुन:पुन्हा होऊ लागला किंवा वेदना घरी आटोक्यात येईना, तर काही दिवस किंवा काही आठवडे त्यांना रुग्णालयात किंवा शुश्रूषा केंद्रात ठेवावे लागेल, आणि तसे करण्यानेही तुमचा शब्द मोडत नाही, कारण त्या शब्दामागचा अर्थ 'तुम्हाला टाकणार नाही' असा होता. याच टप्प्यावर डॉक्टरांना परिहार सेवेबद्दलही (पॅलिएटिव्ह केअर) विचारा. ती केवळ अखेरच्या दिवसांची गोष्ट नाही. वेदना, धाप, भीती आणि घरच्यांचा ताण कमी करणारी माणसे आजारपण चालू असतानाच मदतीला येऊ शकतात.

परिचारिका येण्याच्या आदल्या दिवशी बाबांना सांगा, पण त्यांना सांगायची रीत असते. त्यांच्या डाव्या बाजूला बसा. अर्धांगवायूनंतर कित्येकांना लुळ्या बाजूचे नीट दिसतही नाही. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच छोटे वाक्य बोला, आणि ते पोहोचेपर्यंत थांबा. ही वाट आपल्याला फार लांब वाटते, घाईने दुसरे वाक्य टाकू नका. "बाबा, त्या रात्री मी तुमचा हात आवळला. माझे चुकले." मग थांबा. "मी फार थकले आहे." पुन्हा थांबा. "उद्या एक परिचारिका येणार आहे. मी इथेच असेन." आणि मग त्यांच्या डाव्या हातात तुमचा हात द्या आणि तो दाबतात की सोडतात हे पाहा, त्यांना जे म्हणायचे आहे ते आता तिथूनच येईल.